कोणता हिवताप?

पावसाचा जोर ओसरू लागला की जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवर तापाचे दिवस सुरू होतात. पंधरवड्याच्या गृहभेटीला आलेला आरोग्य सेवक दारातूनच विचारतो, "घरात कुणाला ताप?" कुणी हो म्हटले की डाव्या हाताच्या अनामिकेला सुई टोचून काचपट्टीवर दोन जागी रक्त घेतले जाते. एका जागी ते गोल, जाडसर पसरतात; दुसऱ्या जागी दुसऱ्या काचेच्या कडेने ओढून पातळ थर करतात. पट्टीवर क्रमांक पडतो आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्राकडे जाते. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यातही हेच घडते, फक्त तिथे ताप आलेला माणूस बहुधा भाड्याच्या खोलीत राहणारा कंत्राटी कामगार असतो.

रुग्णाचा प्रश्न एकच असतो: हिवताप आहे की नाही? सूक्ष्मदर्शकापाशी बसलेल्या तंत्रज्ञापुढे मात्र त्याहून अवघड प्रश्न असतो. हिवताप आहे, पण कोणता? पी.व्ही. की पी.एफ.? म्हणजे प्लाझ्मोडियम व्हायवॅक्स की प्लाझ्मोडियम फॅल्सिपेरम? दोघे एकाच वंशातले एकपेशीय परजीवी. दोघेही ॲनोफेलिस डासाच्या मादीमार्फत अंगात शिरतात, आधी यकृतात वाढतात, मग रक्तातल्या लाल पेशींत घर करतात. दोघांच्या तापाला थंडी आहे, घाम आहे, डोकेदुखी आहे. रुग्णाकडे नुसते पाहून त्यांतला फरक सांगता येत नाही. तरीही ही ओळख पटवावीच लागते, कारण दोघांचे पुढचे वागणे अगदी वेगळे आहे.

फॅल्सिपेरम जीव घेतो. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांत तो अडकला तर तापाने फणफणलेला माणूस एक-दोन दिवसांत बेशुद्ध होऊ शकतो. व्हायवॅक्सने मृत्यू येण्याचे प्रमाण त्यामानाने कमी. पण त्याचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जागे होऊन पुन्हा ताप आणतात. या निद्रिस्त अवस्थेचा प्रत्यक्ष पुरावा क्रोटोस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला दिला. रक्तातले परजीवी मारणारे क्लोरोक्विन या झोपलेल्यांना स्पर्शही करत नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन लागते, तेही सलग 14 दिवस. फॅल्सिपेरमसाठी औषधच निराळे: महाराष्ट्रात आर्टेसुनेट तीन दिवस, पहिल्या दिवशी त्याच्या जोडीला सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामाइन, आणि दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनचा एकच डोस. म्हणून एकाला दुसरा समजण्याची चूक महाग पडते. फॅल्सिपेरमला व्हायवॅक्स समजून क्लोरोक्विन दिले तर रुग्ण दगावू शकतो, कारण 1973 मध्ये आसामात पहिल्यांदा नोंदला गेलेला क्लोरोक्विनरोध नंतर देशभर पसरला. व्हायवॅक्सला फॅल्सिपेरम समजले तर रुग्ण बरा होऊन घरी जातो आणि दोन महिन्यांनी पुन्हा थंडीने कुडकुडतो.

पालघरमध्ये हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात डोंगर, भातखाचरे, कालवे आणि कारखाने असे सगळेच आहे. डोंगरपायथ्याच्या संथ वाहणाऱ्या स्वच्छ ओढ्यांत ॲनोफेलिस फ्लुविआटिलिस वाढतो. भातशेती, कालव्यांच्या कडेची डबकी, नदीपात्रातले साचलेले पाणी हे ॲनोफेलिस क्युलिसिफेसिसचे माहेर. बांधकामावरची टाकी, छपरावरची झाकण नसलेली पिंपे, विहिरी इथे ॲनोफेलिस स्टीफेन्सी असतो. मुंबईच्या विहिरींतला हाच डास शहरातल्या हिवतापाच्या मुळाशी आहे हे चार्ल्स बेंटली यांनी 1911 च्या अहवालात दाखवून दिले होते. तारापूरचा अणुऊर्जा प्रकल्प 1969 मध्ये सुरू झाला, औद्योगिक वसाहत वाढली, आणि बोईसरला देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे आली. ज्या भागात फॅल्सिपेरम जोरात आहे तिथून आलेला माणूस तो रक्तातून घेऊन येऊ शकतो.

उलट दिशेचा प्रवासही आहे. भातकापणी आटोपली, दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्यातली कुटुंबे वसई, भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. सप्टेंबरात पाड्यावर झालेला व्हायवॅक्स त्यांच्या यकृतात झोपलेला असतो आणि डिसेंबरात भट्टीवर जागा होतो. मग त्याची नोंद भट्टीच्या गावात होते, पाड्यावर नाही. असा रुग्ण सापडला की भट्टीभोवतीची डबकी शोधली जातात. खरा उगम मात्र तीन महिन्यांपूर्वीच्या एका अर्धवट राहिलेल्या प्रायमाक्विनच्या पाकिटात असू शकतो.

आता त्या काचपट्टीकडे वळू.

लॅव्हरान यांनी 1880 मध्ये अल्जीरियात ताज्या रक्तात हे परजीवी पाहिले तेव्हा त्यांच्याकडे रंग नव्हते. त्यांना दिसल्या त्या काळ्या कणांनी भरलेल्या हलत्या आकृत्या आणि चंद्रकोरी. इटलीत गोल्जी यांनी काही वर्षांतच दाखवले की तापाच्या चढउताराचा ताल परजीवीच्या विभाजनाशी जुळतो. काही रुग्णांत तो 48 तासांनी, काहींत 72 तासांनी, म्हणजे परजीवी एकापेक्षा जास्त जातींचे असले पाहिजेत. तरी रंगविद्या येईपर्यंत जातींची ओळख अवघडच होती. रोमानोव्स्की यांनी 1891 मध्ये मिथिलीन ब्ल्यू आणि इओसिन एकत्र वापरून परजीवीचे केंद्रक लाल आणि पेशीद्रव निळे करून दाखवले. गीम्सा यांनी हे मिश्रण सुधारले. भारतात जसवंत सिंग आणि भट्टाचारजी यांनी 1944 मध्ये स्वस्त आणि लवकर होणारी रंगक्रिया तयार केली. जेएसबी नावाने ती पिढ्यान् पिढ्या सरकारी प्रयोगशाळांत चालत आली. देशी परिस्थितीसाठी देशी माणसांनी घडवलेल्या या रंगाचे नाव शालेय पुस्तकांत यायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

जाड थर आणि पातळ थर यांची कामे वेगळी आहेत. जाड थर पक्का करत नाहीत. रंगवताना त्यातल्या लाल पेशी फुटतात, हिमोग्लोबिन वाहून जाते आणि परजीवी व पांढऱ्या पेशी तेवढ्या उरतात. थोड्या जागेत पुष्कळ रक्त तपासले जाते, म्हणून परजीवी शोधायचा तो इथे. त्याची जात ओळखायला मात्र पातळ थर हवा. तो मिथेनॉलने पक्का केलेला असतो, लाल पेशी शाबूत असतात, आणि जातीची साक्ष परजीवीइतकीच त्याच्या यजमान पेशीत असते.

व्हायवॅक्स कोवळ्या लाल पेशी निवडतो. त्यामुळे त्याची पेशी शेजारच्या पेशींपेक्षा मोठी, फुगलेली, फिकट दिसते. तिच्यावर गुलाबी-लाल बारीक ठिपके पसरलेले असतात. त्यांना शुफनरचे ठिपके म्हणतात. आतला परजीवी वाढताना हातपाय पसरल्यासारखा वेडावाकडा होतो. वाढीच्या सर्व अवस्था एकाच पट्टीवर सापडतात: कोवळी अंगठी, वाढता परजीवी, 12 ते 24 पिलांत विभागलेला पक्व परजीवी, आणि गोल लिंगपेशी.

फॅल्सिपेरमच्या पट्टीवर वेगळीच शिस्त असते. इथे बहुतेक फक्त अंगठ्या दिसतात. नाजूक, बारीक, काही पेशीच्या अगदी कडेला चिकटलेल्या, काहींना एकाऐवजी दोन लाल ठिपके, आणि कधी एकाच पेशीत दोन-तीन अंगठ्या. पेशी फुगत नाही. वाढलेले परजीवी दिसत नाहीत, कारण वाढ अर्ध्यावर आली की संसर्ग झालेल्या पेशींच्या पृष्ठभागावर गाठी उठतात आणि त्या पेशी आतल्या अवयवांच्या केशवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात: मेंदूत, मूत्रपिंडात, गर्भवतीच्या वारेत. बोटाच्या थेंबात ते येतच नाहीत. म्हणून फॅल्सिपेरमची पट्टी फसवी असते. बोटाच्या रक्तात परजीवी कमी दिसले तरी अंगात ते पुष्कळ असू शकतात. ताप सुरू होऊन सुमारे दहा दिवस झाले की लॅव्हरानच्या त्या चंद्रकोरी, म्हणजे फॅल्सिपेरमच्या लिंगपेशी, रक्तात येतात. एक चंद्रकोर दिसली की जातीबद्दल वाद उरत नाही.

हे सगळे वाचायला सोपे आहे, करायला नाही. रंगाच्या पाण्याचा सामू 7.2 च्या आसपास ठेवावा लागतो. पाणी आम्लधर्मी झाले तर शुफनरचे ठिपके उमटत नाहीत आणि व्हायवॅक्सची मोठी खूणच हरवते. दमट हवेत पट्टी नीट वाळली नाही तर बुरशी धरते. रक्तातल्या चपट्या पेशी किंवा रंगाचा कचरा अंगठीसारखा भासतो. पट्टी निर्दोष ठरवण्याआधी तेलात बुडवलेल्या भिंगाखाली जाड थराची निदान 100 क्षेत्रे पाहायची असतात. पावसाळ्यात पट्ट्यांचे गठ्ठे साचले की ही शंभर क्षेत्रे कुठे कमी होतात हे सांगायला नको. आणखी एक सापळा म्हणजे मिश्र संसर्ग. व्हायवॅक्स ठळक दिसला की नजर तिथेच समाधान मानते आणि बाजूच्या दोन-चार फॅल्सिपेरमच्या अंगठ्या सुटतात. म्हणून चांगला तंत्रज्ञ पहिला परजीवी सापडल्यावरही थांबत नाही. जिल्ह्याच्या हिवताप नियंत्रणातला सर्वांत मोलाचा माणूस कोण, असे मला विचारले तर मी या तंत्रज्ञाकडे बोट दाखवीन.

तरीही डोळ्याची एक हद्द आहे. तिचे सर्वांत बोलके उदाहरण आग्नेय आशियातले. माकडांत आढळणारा प्लाझ्मोडियम नोलेसी माणसालाही होऊ शकतो हे कोलकात्यात नोल्स आणि दासगुप्ता यांनी 1932 मध्ये रक्त टोचून दाखवले होते. पण निसर्गात असे क्वचितच घडते, असाच समज राहिला. 2004 मध्ये बलबीर सिंग यांच्या गटाने सारवाकमधल्या कापित भागातले नमुने डीएनएने तपासले, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली प्लाझ्मोडियम मलेरी या आणखी एका जातीचे म्हणून नोंदलेले पुष्कळ रुग्ण प्रत्यक्षात नोलेसीचे निघाले. दोघांच्या वाढलेल्या अवस्था जवळजवळ सारख्या दिसतात. पण मलेरी 72 तासांनी विभागतो आणि नोलेसी 24 तासांनी, म्हणजे एक संथ आणि दुसरा झपाट्याने जीवघेणा. नोलेसी पालघरचा प्रश्न नाही. पण सारखे दिसणारे सारखेच असतील, हा भरवसा त्याने मोडला.

हाच भरवसा आमांशाच्या अमीबाने त्याआधी मोडला होता, आणि तिथे उत्तर दिले ते विकरांनी, म्हणजे एन्झाइमांनी. दूषित पाण्यातून पोटात जाणारा एंटअमीबा हिस्टोलिटिका रक्ताची आव आणतो, यकृतात गळू करतो. पण शौचाच्या तपासणीत ज्यांच्यात तो दिसायचा त्यांतल्या बहुसंख्यांना काहीच त्रास नसायचा. फ्रेंच शास्त्रज्ञ एमिल ब्रुम्प्ट यांनी 1925 मध्ये सांगितले की या दोन वेगळ्या जाती आहेत, एक रोग करणारी आणि एक निरुपद्रवी. निरुपद्रवीला त्यांनी एंटअमीबा डिस्पार म्हटले. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांचे कोश अगदी एकसारखे, चार केंद्रकांचे. पुरावा दाखवता येईना, म्हणून ब्रुम्प्ट यांचे म्हणणे अर्धशतक बाजूला पडून राहिले.

1978 च्या सुमारास लंडनमध्ये सार्जंट आणि विल्यम्स यांनी अमीबांचा अर्क स्टार्चच्या जेलीत ठेवून त्यातून वीजप्रवाह सोडला. विकरे ही प्रथिने असतात आणि प्रथिनांवर विद्युतभार असतो, त्यामुळे ती जेलीतून सरकतात. किती सरकतात हे त्यांच्या घडणीवर ठरते. विळा कुठल्याही लोहाराचा असला तरी भात कापतोच. पण पात्याच्या वळणावरून जाणकार लोहार ओळखतो. विकरांचेही तसेच आहे. हेक्सोकायनेज दोन्ही अमीबांत ग्लुकोजवर तेच काम करते, पण त्याची घडण किंचित निराळी, म्हणून जेलीतली धावही निराळी. जेलीवर त्या विकराची क्रिया रंगाने उमटवली की पट्टे दिसतात. आजारी माणसांतल्या अमीबांत हेक्सोकायनेजचे दोन पट्टे लांब धावलेले, निरोगी वाहकांतल्या अमीबांत ते मागे राहिलेले. फॉस्फोग्लुकोम्युटेज या दुसऱ्या विकराचे पट्टेही याच विभागणीला दुजोरा देत होते. जगभरच्या हजारो नमुन्यांवर हे पडताळले गेले. 1993 मध्ये डायमंड आणि क्लार्क यांनी दोन जाती औपचारिकपणे वेगळ्या केल्या आणि ब्रुम्प्ट खरे ठरले.

याचा अर्थ आपल्यासाठी काय? शौचाच्या साध्या तपासणीत 'अमीबाचे कोश आढळले' असा अहवाल आला, त्रास काहीच नाही, तरी औषधांचा मारा होतो, अशी माणसे बोईसरमध्ये सापडतील आणि पुण्यातही. सूक्ष्मदर्शकाला कोशांतला फरक दिसत नाही. अमीबाने गिळलेल्या लाल पेशी दिसल्या तर तो हिस्टोलिटिका असण्याची शक्यता मोठी. नाहीतर निर्णय प्रतिजन चाचणीने किंवा डीएनएनेच होऊ शकतो. जेलीची पद्धत आता फारशी वापरत नाहीत, कारण त्यासाठी अमीबा प्रयोगशाळेत वाढवावा लागतो आणि त्यात दिवस जातात. पण या दोन जाती वेगळ्या आहेत हे प्रथम सिद्ध झाले ते विकरांवरूनच.

हिवतापाच्या अभ्यासात विकरे याच सुमारास आली. एडिनबर्गमध्ये रिचर्ड कार्टर आणि डेव्हिड वॉलिकर यांनी 1970 च्या दशकात मध्य आफ्रिकेतल्या झाडीत राहणाऱ्या उंदरांचे हिवतापी परजीवी तपासले. डोळ्यांना गोंधळात टाकणाऱ्या बर्घाई, योएली, विंकाई, चाबाउडी या जाती विकरांच्या पट्ट्यांवरून वेगळ्या पडल्या. 1971 मध्ये वॉलिकर, कार्टर आणि मॉर्गन यांनी तर एका प्रकारचे विकर आणि औषधरोध असलेल्या परजीवीचा दुसऱ्या प्रकाराशी डासाच्या पोटात संकर घडवून आणला. संततीत दोघांचे गुण मिसळलेले दिसले. औषधरोध परजीवीच्या पिढ्यांतून कसा फिरतो, हे समजायला त्यामुळे वाट झाली.

आता ज्या विकराने हिवतापाची तपासणी प्रयोगशाळेबाहेर, थेट पाड्यापर्यंत नेली त्याकडे येऊ. त्याचे नाव लॅक्टेट डिहायड्रोजनेज, संक्षेपात एलडीएच. लाल पेशीतला परजीवी ऊर्जेसाठी जवळजवळ पूर्णपणे ग्लुकोज फोडण्यावर जगतो. संसर्ग झालेली पेशी निरोगी पेशीच्या कित्येक पट ग्लुकोज खाते. गंभीर हिवतापात रुग्णाच्या रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते त्यामागचे हे एक कारण आहे. ग्लुकोज फोडताना एनएडी नावाचा सहायक रेणू खर्ची पडतो. तो परत मिळवायचा तर पायरुव्हेटचे लॅक्टेट व्हावे लागते, आणि ते काम एलडीएच करते. हे विकर थांबले की परजीवीची भूक भागतच नाही. म्हणून तो ते भरपूर बनवतो, आणि जिवंत असेतोवरच बनवतो.

माणसाच्या लाल पेशीतही एलडीएच असते, मग परजीवीचे वेगळे कसे ओळखायचे? त्याची घडण वेगळी आहे. क्रियास्थानाजवळच्या घडीत परजीवीच्या विकरात पाच अमिनो आम्ले जास्तीची आहेत. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मॅकलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एनएडीऐवजी त्याच्यासारखाच एक बनावट रेणू वापरून पाहिला. माणसाचे एलडीएच त्याच्यावर फार मंद चालते, परजीवीचे झपाट्याने. क्रियेबरोबर निळा रंग उमटेल अशी जोडणी केली की निळाईवरून परजीवी किती आहेत याचा अंदाज येतो. पुढे व्हायवॅक्स आणि फॅल्सिपेरम यांच्या एलडीएचमधले बारीक फरक ओळखणारी प्रतिपिंडे तयार झाली. ती कागदी पट्टीवर लावली की रक्ताच्या थेंबातले विकर त्या-त्या रेघेवर पकडले जाते.

आशाताईच्या पिशवीतली किट याच वंशातली, पण तिच्यावरच्या दोन रेघा एका जातीच्या नाहीत, आणि हे समजून घेण्यासारखे आहे. आपल्या कार्यक्रमात वापरल्या जाणाऱ्या दुहेरी किटमध्ये व्हायवॅक्सची रेघ त्याच्या एलडीएचसाठी असते; फॅल्सिपेरमची रेघ मात्र एचआरपी-2 नावाच्या प्रथिनासाठी. ते विकर नव्हे. फॅल्सिपेरम ते रक्तात सोडतो आणि परजीवी मेल्यावरही ते आठवडेच्या आठवडे रक्तात राहते. एलडीएच परजीवीबरोबर काही दिवसांत नाहीसे होते. समजा, बोईसरच्या एका कामगाराला गेल्या महिन्यात फॅल्सिपेरम होऊन पूर्ण उपचार झाला, आणि आता त्याला साधा विषाणूजन्य ताप आहे. किट पी.एफ.ची रेघ दाखवील. ती खोटी नाही, जुनी आहे. काचपट्टीवर जिवंत अंगठ्या आहेत का, हे पाहिल्यावाचून निर्णय करता येत नाही.

उलटही होते. फॅल्सिपेरमच्या पेशी वारेत किंवा इतर अवयवांत चिकटून बसल्या आणि बोटाच्या रक्तात एकही परजीवी दिसला नाही, तरी त्यांनी सोडलेले प्रथिन रक्तात फिरत असते आणि पट्टीवर रेघ उमटू शकते. गर्भवतींच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे. आणखी एक संकट दक्षिण अमेरिकेतून सुरू झाले: पेरूमध्ये एचआरपी-2 चे जनुकच नसलेले फॅल्सिपेरम 2010 मध्ये नोंदले गेले, पुढे एरिट्रियात ते मोठ्या प्रमाणात दिसले. असा परजीवी या रेघेला सापडतच नाही. एलडीएचच्या बाबतीत हा धोका फार कमी, कारण ते सोडून परजीवीला जगताच येत नाही.

किटच्याही मर्यादा आहेत. मायक्रोलिटरभर रक्तात साधारण 100 ते 200 परजीवी असले तर ती भरवशाने सांगते. सरावलेला तंत्रज्ञ जाड थरात त्याहून कमी परजीवीही शोधतो. उष्णता आणि दमट हवा पट्टी बिघडवतात, म्हणून पाकीट चाचणीच्या वेळीच फोडायचे आणि रेघ सांगितलेल्या वेळेतच वाचायची. पण ज्या पाड्यापासून आरोग्य केंद्र दूर आहे आणि पावसात वाट बंद होते, तिथे 15-20 मिनिटांत उत्तर देणारी ही पट्टी जीव वाचवते. पूर्वी अहवाल यायला आठवडा लागे, म्हणून प्रत्येक तापाला आधी क्लोरोक्विन देऊन ठेवत; त्याला गृहीतोपचार म्हणत, आणि अहवाल आल्यावर समूळ उपचार. त्या आठवड्यात फॅल्सिपेरमचा रुग्ण हातचा जात असे. किट आल्यावर गृहीतोपचाराची गरज संपली. माझे मत स्पष्ट आहे: किटने काचपट्टीची जागा घेऊ नये. पहिल्या तासाचा निर्णय किटने करावा, परजीवींची संख्या, मिश्र संसर्ग आणि उपचाराचा परिणाम काचपट्टीने पाहावा.

आतापर्यंत परजीवीच्या रसायनाबद्दल बोललो. माणसाचे रसायनही यात पक्षकार आहे. 2004 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात, हिवतापासारखा चढउतार होणाऱ्या तापात, शेपटीवाले ट्रिपॅनोसोम दिसले. तो निघाला ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय, गुराघोड्यांच्या सर्रा रोगाचा परजीवी. आफ्रिकेतल्या निद्रारोगाच्या ट्रिपॅनोसोमांशी त्याचे इतके निकटचे नाते की पट्टीवर दोघांना वेगळे करणे जवळजवळ अशक्य. हा माणसाला होत नाही, असे तोवर मानले जाई. कारण शोधल्यावर कळले की या परजीवीला मारणारे एपीओएल-1 हे प्रथिन त्या रुग्णाच्या रक्तात नव्हतेच. सुरामिन या औषधाने तो बरा झाला.

हिवतापात असेच निर्णायक ठरते ते जी-6-पीडी हे विकर, आपल्याच लाल पेशीतले. ते कमी असलेल्या माणसाला प्रायमाक्विन दिले तर लाल पेशी फुटू लागतात. हे नाते 1956 मध्ये अमेरिकेत उलगडले. पारशी समाजात ही कमतरता ठळकपणे आढळते, हे मुंबईतल्या अभ्यासांतून पूर्वीच पुढे आले आहे. आदिवासी समाजांतही ती असते, प्रमाण समाजागणिक बदलते. दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषांत तो जास्त दिसतो. गर्भवतींना आणि तान्ह्या बाळांना तर प्रायमाक्विन देतच नाहीत. व्हायवॅक्सचा समूळ उपचार पाड्यापाड्यांवर पुरा व्हायचा असेल, तर परजीवीची जात सांगणाऱ्या किटबरोबर या विकराची सोपी तपासणीही उपकेंद्रात मिळायला हवी. देशाने 2030 पर्यंत हिवताप निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यात ही मागणी जास्तीची नाही.

वाचकांना एवढेच सांगणे. पालघर, डहाणू, जव्हारकडे राहत असाल किंवा तिथून नुकते परतला असाल आणि ताप आला, तर पहिली गोळी घेण्याआधी रक्त द्या, कारण अर्धवट औषधाने परजीवी इतके कमी होतात की पट्टीवर सापडत नाहीत. अहवाल हाती आला की पी.व्ही. आहे की पी.एफ., हे विचारा. पूर्वी कुठल्या औषधाने कावीळ झाली असेल किंवा लघवी काळसर झाली असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. आणि पी.व्ही. असेल तर ताप तिसऱ्या दिवशी उतरला तरी प्रायमाक्विनच्या 14 दिवसांच्या गोळ्या पूर्ण घ्या. भट्टीवर निघायचे असेल तर पाकीट सोबत न्या.